चक्रधरपूरला थांबा

बत्तीस वर्षं स्वारगेट–धायरी केलं.
मुनीर ड्रायव्हर म्हणतो, तेवढ्यात आपण
चंद्रावर जाऊन परत आलो असतो.
पण दौंडच्या पुढे रूळ कसे दिसतात
ते मला माहीत नव्हतं.

आता हर्षदा चक्रधरपूरला.
जावई रेल्वेत, क्वार्टरमागे फणसाचं झाड,
आणि फोनवर रोज एकच: बाबा, कधी येताय?

म्हणून आठ दिवस
प्लॅटफॉर्म तिकीट काढून पुणे स्टेशनवर बसलो.
भाड्याची खोली घेताना नळ सोडून बघतात
तशा एकेक गाड्या बघितल्या,
जुन्या वेबिलाच्या कोऱ्या बाजूला नोंदी केल्या.

दुरांतो.
चादरी खाकी पाकिटात, पडदे ओढलेले.
मला भारी वाटली.
मग चौकशीच्या बाई काचेतून म्हणाल्या,
चक्रधरपूरला थांबत नाही ती.
म्हणजे स्टॉपवर म्हातारी हात करतेय
आणि ड्रायव्हर आरशात बघत नाही, त्यातली.

गरीबरथ, नागपूरची.
नाव वाचून आधी खिसा चाचपला.
साइडलाही एकावर एक तीन बाक.
रथ म्हणावा, तर बसता येत नाही,
झोपावंच लागतं.

वंदे भारत.
दार आपोआप मिटतं. दिवसभर खुर्ची.
बत्तीस वर्षं उभं राहायचा पगार घेतला,
आता बसायचे एवढे पैसे द्यायचे?
शिवाय दाराला लटकणाऱ्याला
"आत ये रे, आईला एकटाच आहेस ना"
म्हणायची सोयच नाही.

झेलम.
फौजींच्या काळ्या ट्रंका, पांढऱ्या रंगात नाव-नंबर.
एका ट्रंकेवर मूल झोपलेलं.
पुढे काही लिहिलं नाही.

दानापूरची नोंद लांबली.
जनरलच्या डब्यांसाठी दुपारपासून रांग,
पोलिसाची काठी,
रंगाच्या रिकाम्या बादल्यांत संसार, झाकणाला कुलूप.
बावधनला फरशी बसवणारा एक पोरगा, जितन नावाचा,
त्याला विचारलं, सीट कुठली?
"चाचा, जहाँ पाँव टिके."

आमच्याकडे गाडी भरली की मी डबल बेल मारायचो,
पुढचा स्टॉप सोडायचा.
खोटं कशाला बोलू,
पाय दुखत असले की
अर्ध्या गाडीलाही मारली आहे.
त्या रात्री वेबिल घडी घालून ठेवलं.

शेवटी आझाद हिंद.
जुनी, सगळीकडे थांबणारी, उशिराबद्दल बदनाम.
"स्लीपर. साइड लोअर असेल तर बघा."
खिडकीतला पोरगा म्हणाला, काका,
लोक नको म्हणतात ती, पाय पुरत नाहीत.
एकट्याची जागा, खिडकीशी, दाराजवळ.
बसमध्ये ती कुणाची असते
हे त्याला कशाला सांगा.

काल निघालो.
घंटी नाही, काही नाही,
फलाटच मागे जायला लागला.
हडपसर, लोणी, उरुळी.
नावं ओळखीची, वेग अनोळखी.
टीसी आला, हातात टॅबलेट.
मी तिकीट पुढे धरलं, अंगठ्याजवळ जागा सोडून,
बरोब्बर जिथे धरायला हवं तिथे.
त्याने पाटीवर बोट फिरवलं,
"झालं काका," आणि गेला.
तिकिटाला भोकच नाही.

निवृत्तीला सगळं जमा केलं होतं,
बॅग, बिल्ला, चिल्लर मोजून.
चिमटा तेवढा हरवला असं लिहून दिलं,
अडीचशे भरले.

दौंड गेलं. समोरच्या बाई भाकरी सोडत होत्या.
मी खिशात हात घातला.
गंज नाही, दिवाळीला तेल घालतो.
टिक्.
इवलीशी टिकली मांडीवर पडली,
वाऱ्याने उडून बाकाखाली गेली.
बाईंनी वर पाहिलं.

"पुढे नगर," मी म्हणालो.